भरलेली सही

बँकेच्या दारात मी चपला काढल्या. कापड बाजारातला तो लाकडी जिना चढून वर गेले, आत नजर टाकली आणि पाय आपोआप चपलांतून बाहेर आले. एवढी मोठी खोली, कोट-टोपीतली माणसं खाली मान घालून लिहीत बसलेली, आणि आवाज म्हणाल तर फक्त वरच्या पंख्याचा. पलीकडे एक लोखंडी तिजोरी उभी होती, आमच्या स्वयंपाकघराच्या दारापेक्षा उंच. मी बघतच राहिले. दारातला शिपाई म्हणाला, "बाई, चपला घाला. हे काय देऊळ आहे?" मी म्हटलं, "देवळात मी भांडते. हितं तोंडच उघडंना." तो हसला. आमचे हे मात्र हसले नाहीत, कारण मी भांडायलाच आले होते हे त्यांना ठाऊक होतं.

इंग्रज-जर्मनांच्या दुसऱ्या लढाईचे दिवस होते. आम्ही नगरात माळीवाड्याला राहायचो आणि वेशीजवळ पिठाची गिरणी चालवायचो. चालवायचो म्हणजे गिरणी आमची नव्हे. इंजिन, पट्टा, जातं, वरचे पत्रे, सगळं एका म्हाताऱ्या मालकांचं. आमचं फक्त अंग. सासऱ्यांनी ती भाड्याने घेतली होती, त्यांच्यामागे ह्यांनी चालवली. ह्यांना त्या इंजिनाची नाडी कळायची. आवाज जरा बदलला की जेवणावरून उठून जायचे. माझं डोकं दुखतंय का, हे जन्मात कधी कळलं नाही, पण इंजिनाला शिंक आली तरी ह्यांना कळायची.

त्या साली थंडीत मालकांनी सांगितलं की आता झेपत नाही, लेकीकडे पुण्याला जातो, गिरणी विकायची. "पहिला हक्क तुझा," म्हणाले. "पाडव्यापर्यंत थांबतो. न्हाई जमलं तर आडत्या टपूनच बसलाय." बाजारातला एक धान्याचा आडत्या होता, त्याने रोख पैसे देतो म्हणून निरोप धाडला होता. म्हणजे पाडव्याला एक तर गिरणी आमची होणार, नाहीतर आम्ही गिरणीच्या बाहेर. मधलं काही नव्हतं.

माझ्या पाटल्या मोडून आणि गाठीचं सगळं घालून निम्मे पैसे होत होते. उरलेले बँकेने द्यायचे. त्यात काळजी कसली? बँक तर घरचीच म्हणायची. ती निघाली तेव्हा सासऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन तिचा शेअर घेतला होता. तेव्हापासून गिरणीची जी काय कमाई उरेल ती तिथेच जायची. सासूबाई "आपली बँक" म्हणायच्या, आपली गाय म्हणावं तशा.

आणि शिवाय ह्यांची सही होती. आता ह्या सहीचं सांगायला पाहिजे. त्या बँकेत कर्ज काढायचं तर दोन सभासद जामीन लागत. घेणाऱ्याने बुडवलं तर जामिनाने भरायचं. म्हणून शहाणी माणसं जामीन राहायचं म्हटलं की चार दिवस तोंड लपवत. आमच्याकडे तो प्रकारच नव्हता. कुणीही गिरणीत यायचं, दळण आणल्यागत रांगेत उभं राहायचं, आणि हे पिठाचा हात धोतराला पुसून सही करायचे. "बरं," एवढंच म्हणायचे. मी चिडायचे. अहो, निदान कशाला पाहिजे ते तरी विचारा. तर म्हणायचे, "गरज हाय म्हनून तर आला." यावर काय बोलणार, कपाळ!

तरी खरं सांगते, मनातून मला त्या सहीचा तोराच होता. मला वाटायचं, आणि ह्यांनाही वाटायचं, की जितक्या सह्या तितकी बँकेत पत मोठी. ज्याची सही इतक्या जणांसाठी चालते त्याला बँक नाही कशी म्हणेल? आम्ही दोघंही हेच धरून चाललो होतो, आणि आमच्या गल्लीत कुणालाही विचारलं असतं तर त्यानेही हेच सांगितलं असतं.

मग मी कशाला गेले बरोबर? स्वभाव. ह्यांना म्हटलं, "तुमी एकले गेलात तर ते काहीबी सांगतील आन् तुमी बरं म्हनून परत याल. मी येते." सासूबाई म्हणाल्या, "बाईमानूस कुठं बँकेत जातं व्हय?" मी म्हटलं, "पाटल्या बाईमानसाच्याच जानार हायेत न्हवं?"

मॅनेजरसाहेब चांगले वयस्क होते. ह्यांना बघून ते खुर्चीतून उठले, हे मी नीट पाहून ठेवलं. मला खुर्ची दिली. मी काठावर बसले, कारण मागे टेकले असते तर पाय लोंबकळले असते. शिपायाने चहा आणला, तोसुद्धा कपबशीतून. मी मनात म्हटलं, झालं काम.

ह्यांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, "गिरणीवाले, मला फार वाईट वाटतं, पण तुम्हाला कर्ज देता येणार नाही."

हे म्हणाले, "बरं."

बघा! मी म्हटलं नव्हतं? मग मात्र माझं तोंड उघडलं. पंखा, तिजोरी, कोट-टोप्या, सगळं विसरले. "का येत न्हाई? सासऱ्यांपासनं पैसा हितं ठेवतोय आमी. कधी कुनाचा पैसा बुडवलाय का? साऱ्या गावाला ह्यांची सही चालती, आन् ह्यांची ह्यांनाच चालत न्हाई?"

साहेब रागावले नाहीत. "बाई, तेच तर कारण आहे," म्हणाले. "त्यांची सही भरली."

"भरली म्हंजी?"

"म्हणजे असं, की ज्यांना ज्यांना हे जामीन राहिले, ते सगळं कर्ज आम्ही ह्यांच्याही अंगावर धरतो. उद्या ती माणसं बुडाली तर आम्ही कुणाकडे येणार? ह्यांच्याचकडे. एका माणसावर बँक किती टाकू शकते याला माप असतं. भरवसा म्हणजे काही विहीर नव्हे हो, की उपसावं तितकं पाणी. ती घागर असते. ह्यांनी आपली घागर लोकांना वाटून टाकली, आता स्वतःला तळाशी घोटभर उरलं नाही."

हे खाली बघत होते. हळूच म्हणाले, "साहेब, मला वाटलं सह्यांनी पत वाढती." "लोकांत वाढते," साहेब म्हणाले, "इथे ती संपते. मलाच तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं." आणि त्यांनी शिपायाला अजून चहा आणायला सांगितलं, जसं काही त्याने भरून निघणार होतं.

निघताना साहेबांनी एक वाट दाखवली. सगळ्यांत मोठी रक्कम झेंडीगेटच्या एका टांगेवाल्याची होती. नवा घोडा आणि टांगा त्याने ह्यांच्या जामिनावर घेतला होता. त्याने ह्यांच्या जागी दुसरा जामीन आणला आणि ह्यांचं नाव सुटलं तर आमचं काम होणार होतं. नाही आणला तर मात्र बँक त्याच्याकडे सगळे पैसे एकदम मागणार.

"न्हाई साहेब," हे म्हणाले. "ते न्हाई व्हायचं. त्याला कोन मिळंना म्हनून तर तो माझ्याकडं आल्ता." ह्यांच्या तोंडून दुसऱ्याला "न्हाई" म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आणि म्हणावं तर कुणाला, बँकेला! मी आ वासून बघत राहिले.

जिना उतरून बाजारात आलो. मी नुसती तापले होते. म्हटलं, "एवढी कोन कोन मानसं हायेत ती? सांगा तरी." इतक्यात एक बांगडीवाला गादीवरून उठून राम राम घालायला लागला. मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "ह्याच्या कर्जाची सही?"

"व्हय."

पुढे एका बैलगाडीवाल्याने रिकामी गाडी थांबवली, डोक्याचं मुंडासं सारखं केलं. "आन् त्याची?" "त्याच्या बैलाची." मग आमच्याच गल्लीत चोळ्या शिवणारी विधवा बाई समोरून आली, पदर सावरून बाजूला उभी राहिली. "हिचीबी?" "शिवायच्या मशीनची." दाळमंडईतला फुटाणेवाला, त्याची भट्टी. वेशीतला चांभार, त्याचं दुकान. मग मी विचारायचं सोडून दिलं आणि नुसती बघत चालले, की कोण उठतं, कोण हात कपाळाला नेतं. ज्या बाजारात मी पैशा-पैशासाठी भांडून भाव करायचे, त्या बाजारात इतक्या जणांच्या चुली माझ्या नवऱ्याच्या अंगावर उभ्या होत्या, आणि त्या इतक्या असतील याचा मला पत्ता नव्हता. ह्या माणसाने हे केलं तरी कधी? दळणाच्या दोन पाळ्यांमध्ये, आणखी कधी! त्यांच्या पाठीमागून चालताना मला पहिल्यांदा त्यांची भीती वाटली. मारणाऱ्याची वाटते तशी नव्हे. मोठ्या नदीच्या काठी उभं राहिल्यावर वाटते तशी.

घरी आल्यावर मात्र राग परत वर आला. बाजारच्या चुली पेटतील, आमची विझेल, त्याचं काय? सावकाराकडे जा म्हणणारेही भेटले. त्याच्याकडून गिरणी आली असती आणि त्याच्याच घशात गेली असती. पाडवा जवळ येत चालला होता. हे रोज इंजिन पुसायचे, जास्तच पुसायचे. ते बघवेना. शेवटी एका दुपारी मी कुणाला न सांगता पदर खोचला आणि झेंडीगेटला गेले. मनाशी ठरवलं होतं, टांगेवाल्याला तोंडावर सांगायचं: बाबा, तुझा घोडा तुला लखलाभ, पण दुसरा जामीन बघ.

तो घरी नव्हता, दुपारची नमाज पढायला गेला होता. अंगणात घोडा होता, लाल रंगाचा, तेल लावल्यागत चमकणारा. टांगेवाल्याची बायको त्याच्यापुढे चंदीची बादली धरून उभी होती. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. भिजवलेले हरभरे होते. तिने मला लगेच ओळखलं. दळायला तीच यायची. "अरे, गिरणीवाल्या भाभी! या या, बसा." पोरीला हाक मारून चटई टाकायला लावली, चहा ठेवायला लावला. त्या काळी आमच्यातल्या बायका त्यांच्या घरी पाणीसुद्धा घेत नसत. मी चहा घेतला. भांडायला आलेल्या बाईने कुठलं सोवळं पाळायचं?

मी घोड्याकडे बघून म्हटलं, "चांगला ठेवलाय." तेवढ्याने तिला बोलायला वाट मिळाली.

"ठेवावाच लागतो, भाभी. आमच्या घरात अगोदर बँकेचा हप्ता, मग ह्याची चंदी, मग आमचं पोट. पोरांच्या अब्बांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. हा घोडा आपला नाही, भाईंच्या सहीचा आहे. आमचे स्वतःचे भाऊबंद मागे सरले होते हो. हे तुमच्या गिरणीत गेले तर भाईंनी विचारलंसुद्धा नाही. हात पुसले आन् सही केली. घरी येऊन हे रडले."

ती सांगतच होती, आणि सांगताना हसत होती. गेल्या ईदला हप्ता आणि कपडे एकदमच आले. पोरांना कपडे केले नाहीत. पोरं रडली. "मी म्हटलं, रडा. भाईंच्या नावाला बट्टा लागला तर मी कुठल्या तोंडाने दळायला जाऊ?" पावसाळ्यात टांगेवाला तापाने पडला, टांगा बंद. तेव्हा तिने पायातले चांदीचे तोडे विकले आणि हप्ता भरला. तिने लुगडं जरासं वर धरून पाय दाखवले, मोकळे. "भाईंना सांगू नका हां. त्यांना उगीच वाईट वाटेल."

मी हातातल्या पाटल्या पदराखाली घेतल्या. ह्या बाईला मी दळणाच्या रांगेत कितीदा पाहिलं होतं, "पुढं सरका" म्हणून वसकले होते. माझ्या नवऱ्याच्या नावाला ती माझ्यापेक्षा जास्त जपत होती. मी त्याच नावावरून घरात रोज भांडी आपटत होते, आणि इथे त्या नावासाठी पोरं ईदला जुन्या कपड्यांत हिंडली होती. ते नाव कुणाच्या घरात असं देवासारखं ठेवलेलं असेल, हे मला कुठून कळणार?

तिने विचारलं, "काय काम काढलं होतं, भाभी?"

"काय न्हाई. सहज आले," मी म्हटलं. मी जन्मात कुणाकडे सहज गेलेली बाई नव्हे.

बाकीच्यांकडे मी गेलेच नाही. एका घरात हे ऐकलं, दुसऱ्या घरात आणखी काय ऐकायला मिळेल त्याला तोंड द्यायची माझी छाती नव्हती. संध्याकाळी ह्यांना वाढताना म्हटलं, "टांगेवाल्याचं नाव काढायचं न्हाई. कुनाचंच न्हाई."

त्यांनी वर बघितलं. "तू गेल्तीस व्हय तिकडं?"

"गेल्ते. पन बोलले काय न्हाई."

ते म्हणाले, "मला भ्या वाटत हुतं, तू बोलशील." एवढं बोलून त्यांनी भाकरी मागितली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ह्या माणसालाही भीती वाटते, आणि ती गिरणी जाण्याची नसून माझ्या जिभेची आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि कळलं तरी राग आला नाही. मला आपण फार थोर माणसाला वाढतो आहोत असं वाटलं, आणि वाटलं ते सांगते, मला त्या वेळी रडूच आलं. चुलीकडे तोंड करून डोळे पुसले.

पाडव्याला गुढी उभारली. दुपारी आडत्या आला, इंजिनाला नारळ फोडला, दाराला स्वतःचं कुलूप लावून पाहिलं. इंजिन दुसऱ्या कुणाला चालवता येईना, म्हणून त्याने ह्यांनाच पगारावर ठेवलं. माणूस वाईट नव्हता. म्हातारे मालक जाताना माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, माझ्या मनात तुमीच होता गं." मी त्यांच्या पाया पडले. त्यांच्यावर तरी कशाला रागवायचं.

दहा-पंधरा दिवसांनी घरातलं पीठ संपलं. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या घरचं दळण कधी मोजलं गेलं नव्हतं. संध्याकाळी जातं थांबायच्या आधी ते टाकायचं, की झालं. त्या दिवशी मी जोंधळ्याची पाटी घेऊन गेले आणि बायकांच्या रांगेत उभी राहिले. दाराशी आडत्या पेटी घेऊन बसला होता. माझी पाळी आली तशी ह्यांनी पाटी उचलून काट्यावर ठेवली, वजन केलं आणि दळणाचे किती झाले ते सांगितलं. मलाच सांगितलं.

आडत्या ओशाळला. म्हणाला, "अहो, तुमच्या घरचं दळण हाय. राहू द्या पैसे."

"न्हाई मालक," हे म्हणाले. "गिरनी तुमची हाय."

कुठल्याच रागाला जागा नव्हती त्या आवाजात. कमीपणाही नव्हता. केसांवर, भुवयांवर, कानांवर पीठ बसलेला तो माणूस माझ्यापुढे हात पसरून उभा होता, आणि त्या हाताकडे बघून मला वाटलं, ह्याच्याकडून कुणी काय काढून घेणार? मी कनवटीचे पैसे सोडून त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते मोजले, मालकाच्या पेटीत टाकले, आणि पुढच्या बाईचं दळण उतरल्यावर माझा जोंधळा जात्यात ओतला.